डावी, छोटी, कोरीनसाठी

मी, ऑर्व्हिल जेम्स डीट्रिक, वय वर्षे एकोणऐंशी, पूर्वी लाकूड गिरणीत यंत्रे दुरुस्त करणारा आणि हल्ली काहीच न करणारा, राहणार गेल्टन, पॉटर काउंटी, पेनसिल्व्हेनिया, हे मृत्युपत्र राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही, असे डॉक्टर म्हणतात, पण मृत्युपत्राला ते लागत नाही असे वकीलबाई टटल यांनी सांगितले.

माझ्यावर कोणाचा दबाव नाही. माझा मित्र स्टश नोवात्स्की याने ट्रकचा विषय दोनदा काढला, पण तो सत्तर वर्षे असाच आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र, ज्यात मी सर्व काही पत्नी थेल्मा हिला दिले होते, ते मी रद्द करतो. तिने आधी जाऊन ते केलेच आहे.

वकीलबाई म्हणाल्या, थोडक्यात लिहा. मी जन्मभर थोडक्यात लिहिले. त्याने काय झाले ते कलम सहामध्ये आहे.

कलम १. वॉटर स्ट्रीटवरचे राहते घर, जमिनीसह, माझी एकुलती एक मुलगी कोरीन हिला. ती नर्स आहे, ओहायोत कोलंबसला असते. गेल्या पंचवीस वर्षांत ती या घरात दोनदा आली आणि दोन्ही वेळा तिने अंगातला कोट काढला नाही. नाताळला फोन करते. आम्ही हवामानाबद्दल बोलतो. ओहायोत कोणत्या वर्षी किती बर्फ पडला हे मला पाठ आहे, आणि त्याचा मला काहीही उपयोग नाही.

तळघराचे दार खालच्या बाजूला लाथ मारल्याशिवाय उघडत नाही. स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. घर विकले तरी चालेल, पण ती चौकट रंगवण्यापूर्वी कोरीनने एकदा बघावी. त्या रेघा उंचीच्या नाहीत. हाताच्या आहेत, कोपरापासून बोटाच्या पेरापर्यंत. रायफलचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा लाकडी भाग, किती लांब असावा हे त्यावरून ठरते. शेवटची रेघ १९८२ सालची, तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

कलम २. बँकेत जे उरेल त्यातून आधी माझे दफन करावे. फुले नकोत. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जेवण द्यावे, हॅम असावे, आणि स्टशच्या बायकोने कोबी घालून केलेल्या शेवया असाव्यात. त्या मला कधीच आवडल्या नाहीत, पण तिला वाईट वाटायला नको. बाकी उरेल ते कोरीनला.

कलम ३. गॅरेजमधले लेथ यंत्र, कानशी, पटाशा, मापे आणि सर्व हत्यारे गावच्या शाळेच्या कार्यशाळेला. स्टशला यातले एकही नाही. १९८८ साली त्याने माझ्या अर्ध्या इंची पटाशीने रंगाचा डबा उघडला. मी त्याला माफ केले आहे, पटाशीने केलेले नाही.

कलम ४. ट्रक स्टशला. यावर वकीलबाईंच्या ऑफिसात जे झाले ते इथे नोंदवतो, कारण नंतर तो वेगळे सांगेल.

वकीलबाई म्हणाल्या, "मिस्टर नोवात्स्की, तुम्हाला काही मिळणार असेल तर तुम्ही साक्षीदार नसलेलं बरं."

स्टश म्हणाला, "म्हणजे ट्रक तरी, नाहीतर सही तरी?"

"तसंच समजा."

"ऑर्व्ह, तुझी-माझी ओळख कधीची रे?"

"दुसरीपासूनची."

"मग माझ्या सहीची तुला काय गरज?" असे म्हणून तो खाली जाऊन ट्रकमध्ये बसला. हीटर चालतो का ते बघत होता. चालत नाही.

कलम ५. जंगलातली केबिन, जिला आम्ही सगळे कॅम्प म्हणतो, तिच्यातला माझा सहावा हिस्सा.

हे कलम नीट वाचावे. मला हे दुसऱ्यांदा लिहिण्याची ताकद नाही.

आमच्या कॅम्पात दोन रिवाज आहेत. पहिला सगळ्या काउंटीत आहे: ज्याचा हरणावरचा नेम चुकला, त्याच्या शर्टाचा मागचा तुकडा कापायचा, त्यावर नाव आणि साल लिहायचे आणि भिंतीवर ठोकायचा. आमच्या भिंतीवर त्रेसष्ट तुकडे आहेत, त्यांतले एकोणीस स्टशचे.

दुसरा रिवाज फक्त आमचा. १९६१ साली हंगामाच्या आदल्या दिवशी माझे वडील आणि त्यांचे दोस्त रायफलच्या कंपनीचा नवा कॅटलॉग घेऊन बसले होते. दरवर्षीचे रडगाणे सुरू झाले. कंपनीने अशी काढायला हवी, तशी काढायला हवी, त्यांना अक्कल नाही, आपल्याला विचारत का नाहीत. तेव्हा त्यांच्यातला हॅरी बॉमगार्टनर वैतागून म्हणाला, "तोंडाची वाफ दवडू नका. लिहा आणि गप्प बसा!" आणि त्याने एक कोरी वही टेबलावर आपटली.

तेव्हापासून ती इच्छावही आहे. हंगामाच्या आदल्या दिवशी प्रत्येकाने मागच्या खोलीत एकट्याने जायचे, कंपनीने कोणती रायफल काढावी ते लिहायचे, पान दुमडून टाचणी लावायची. कोणी कोणाचे वाचायचे नाही. माणूस मेला, की पुढच्या हंगामाच्या आदल्या दिवशी, जेवणाआधी, त्याच्या हिश्शाच्या वारसाने सगळी पाने उघडून मोठ्याने वाचायची. वारस आला नाही, तर पाने न उघडता शेगडीत.

स्टशची इच्छा सगळ्यांना ठाऊक आहे, कारण त्याच्या पोटात काही राहत नाही. त्याला खालच्या लिव्हरने भरायची जुन्या घाटाची रायफल हवी, पण टोकदार गोळ्या घेणारी. त्या रायफलीत गोळ्या नळीत एकामागे एक बसतात, पुढचीच्या पाठीला मागचीचे टोक लागते आणि ते अणकुचीदार असले तर आतच बार उडेल, म्हणून त्या बोथट ठेवाव्या लागतात. स्टशला दोन्ही हवे. बायकोच्या बाबतीतही त्याचे तेच होते.

हॅरी गेला तेव्हा त्याच्या मुलाने पाने वाचली. आम्ही हसायच्या तयारीत बसलो होतो. पहिली काही पाने हसण्यासारखीच होती, एकात कॉफीच्या थर्मासला हूक असलेली रायफल होती. मग एका वर्षी, "मागे धक्का कमी देणारी." पुढच्या वर्षी, "आणखी कमी." अशी चौदा पाने. शेवटच्यावर, "खांद्याला अजिबात न लागणारी, म्हणजे कोणाला सांगावं लागणार नाही." तो चौदा वर्षे आमच्याबरोबर डोंगर चढत होता, आणि त्याचा खांदा गेला आहे हे आम्हाला त्या दिवशी कळले. जेवण कोणालाच गेले नाही.

माझा हिस्सा मी कोरीनला देतो. आजवर सगळे वारस मुलगे होते. मी स्टशला विचारले, चालेल का. तो सकाळी कॅम्पवर जाऊन भिंतीवरचे नियम वाचून आला.

"वारस असं लिहिलंय," तो म्हणाला. "मुलगा हा शब्दच नाहीये रे त्यात. तो आपणच घातला होता."

कलम ६. पत्रांबद्दल.

मी डावखुरा. पहिलीत आमच्या मास्तरीणबाईंनी माझा डावा हात वर्षभर बाकाला बांधून ठेवला, म्हणून मी उजव्या हाताने लिहितो. अक्षर सुरेख आहे, सगळे म्हणतात. बाकी सगळे मी डाव्याने करतो. कोरीनही डावखुरी निघाली आणि तिचा हात मी कोणाला बांधू दिला नाही. बाप म्हणून एवढे एक काम मी धड केले.

आमच्याकडे मूल बारा वर्षांचे झाले की हरणाच्या शिकारीला नेता येते. कोरीनला तेवढीच आस होती. पण रायफलचा बोल्ट, म्हणजे पुढची गोळी भरायला मागे-पुढे सरकवायचा दांडा, उजवीकडे असतो. डावखुऱ्याला हात वरून पलीकडे न्यावा लागतो, तोवर रायफल खांद्यावरून निघते. कंपनी डाव्या हाताची रायफल काढत असे, पण ती हत्तीएवढ्या माणसासाठी. डावखुरी माणसे सगळी सहा फुटांच्या वर असतात अशी त्यांची समजूत असावी. मला हवी होती छोटी, हलकी, बारा वर्षांच्या हातात बसणारी.

म्हणून जानेवारी १९८२ मध्ये मी कंपनीला पत्र लिहिले. माझी मुलगी डावखुरी आहे, पुढच्या वर्षी बारा वर्षांची होईल. सोबत मापांसह चित्र काढून पाठवले. कंपनीचे नाव इथे घेत नाही, वकीलबाई नको म्हणतात.

उत्तर आले, एका गृहस्थाच्या सहीचे. त्यांनी लिहिले होते की मुलीला एखादा चांगला कॅमेरा घेऊन द्यावा, हरणाचा फोटो काढायला डाव्या-उजव्याची अडचण येत नाही. कॅमेऱ्याचे बटणही उजवीकडेच असते हे त्या गृहस्थांना ठाऊक नसावे. मी ते पत्र, माझ्या पत्राच्या प्रतीसकट, त्याच दिवशी स्टोव्हमध्ये टाकले, कोरीनच्या नजरेला पडू नये म्हणून.

पुढच्या जानेवारीत मी पुन्हा लिहिले. यावेळी लिहिले, माझा मुलगा डावखुरा आहे, अकरा वर्षांचा, पुढच्या वर्षी बारा वर्षांचा होईल.

उत्तर सभ्य आले. आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत, पुरेशी मागणी दिसल्यास विचार करू. मला वाटले, जमले. एका शब्दाने दार किलकिले झाले. मग दरवर्षी तेच लिहू लागलो. आणि त्या मुलाचे वय मी वाढवू शकलो नाही. तो मोठा झाला तर ते म्हणतील, आता मोठी रायफल घ्या. कोरीन पंधराची झाली, वीसची झाली, नर्स झाली. कागदावरचा मुलगा अकराचाच राहिला.

१९८३ च्या हंगामात, थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी, शाळांना सुट्टी होती. कोरीन माझ्या वडिलांची उजव्या हाताची रायफल घेऊन माझ्याजवळ बसली होती. साठ पावलांवर नर आला. तिची पहिली गोळी वरून गेली. तो हलला नाही, नुसता मान वर करून उभा राहिला. दुसऱ्या गोळीला भरपूर वेळ होता. तिने हात पलीकडे नेला, रायफल खांद्यावरून सुटली, बोल्ट अडकला. नर निघून गेला.

संध्याकाळी कॅम्पात शर्ट कापायची वेळ आली. थेल्माने तिच्यासाठी लाल लोकरीचा शर्ट मुद्दाम शिवला होता. स्टश म्हणाला, "राहू दे ना ऑर्व्ह, पोर आहे." कोरीनच म्हणाली, "कापा. सगळ्यांचा कापतात." तो मी माझ्या हाताने कापला. ती रडली नाही. परत येताना एवढेच म्हणाली, "बाबा, दुसरी भरता आली असती ना, तर लागली असती."

मी म्हणालो, "पुढच्या वर्षी कंपनी डावी काढणार आहे."

हे वाक्य मी तिला सहा वर्षे ऐकवले. मग ती कॅम्पला यायची बंद झाली. तरी माझ्यावर रागावलेली नव्हती, घरी येत होती, कोट काढत होती.

मार्च १९९८ मध्ये थेल्मा गेली. कोरीन आईच्या मैत्रिणींचे पत्ते शोधायला माझ्या टेबलाच्या खणात गेली आणि तिला पत्रांच्या कार्बन प्रती सापडल्या. सोळा पत्रे. सोळा वेळा, माझा मुलगा. ती प्रती घेऊन स्वयंपाकघरात आली. मी बटाटे सोलत होतो.

"बाबा, हा मुलगा कोण?"

मी म्हणालो, "अगं, तो... ते पत्रापुरतं आहे."

"सोळा वर्षं?"

"मुलीसाठी हवी म्हटलं असतं तर त्यांनी पत्र फाडून टाकलं असतं."

तिने प्रती टेबलावर ठेवल्या. मग म्हणाली, "त्यांना फाडायची वेळच आली नाही. तुम्ही मला लिहायच्या आधीच फाडलंत." आणि मग, हळू, "आईला माहीत होतं? तुम्हाला मुलगा हवा होता ते?"

तेव्हा मला पहिल्या पत्राबद्दल सांगायला हवे होते. कॅमेऱ्याबद्दल सांगायला हवे होते. पण ते उत्तर तिला कळू नये म्हणून मी जाळले होते, आणि सोळा वर्षांनी, ती समोर उभी असताना, तेच तिला कळू नये म्हणून मी गप्प बसलो. बटाटे सोलत राहिलो. ती कोट घालून निघून गेली. जगात याहून मूर्ख माणूस असेल, पण मला भेटलेला नाही.

१९९९ च्या जानेवारीत मी शेवटचे पत्र लिहिले. माझी मुलगी डावखुरी आहे, सत्तावीस वर्षांची आहे, तिच्यासाठी छोटी रायफल काढा. उत्तर आले. आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत, पुरेशी मागणी दिसल्यास विचार करू. अक्षर न अक्षर तेच. पत्र कोणी वाचतच नव्हते. मुलगा लिहिला काय, मुलगी लिहिली काय, कोणाला काही फरक पडत नव्हता. फरक फक्त माझ्या घरात पडला.

पुढे कंपनीने छोटी रायफल काढलीही. उजव्या हाताची. दस्ता गुलाबी होता.

तर कोरीन, आता वकिली भाषा सोडतो. त्या घरात मुलगा कधी हवा नव्हता. तू झालीस तेव्हा मी गिरणीत सगळ्यांना सिगार वाटले आणि घरी येऊन तुझा डावा हात माझ्या डाव्या हातात धरून बसलो. तू यावर विश्वास ठेवावास असे मी म्हणत नाही. हा कागद टंकलेला आहे, आणि माझे सुरेख अक्षर तू पाहिले आहेस. पण कॅम्पातली इच्छावही मी डाव्या हाताने लिहितो. तिथे मास्तरीणबाई बघत नसतात. १९८२ पासून मागच्या हंगामापर्यंत एकेचाळीस पाने आहेत, प्रत्येकावर तारीख आहे, टाचण्या गंजल्या आहेत, म्हणजे मागाहून कोणी घातलेल्या नाहीत हे तुला दिसेल. नियम मोडून सांगतो, कारण मला आता नियमांचाही कंटाळा आला आहे. प्रत्येक पानावर तेच तीन शब्द आहेत. डावी, छोटी, कोरीनसाठी.

मी गेल्यानंतरच्या हंगामाच्या आदल्या दिवशी, हल्ली हंगाम शनिवारी सुरू होतो म्हणजे शुक्रवारी, संध्याकाळी पाचला ती पाने वाचली जातील. तू आली नाहीस तर ती शेगडीत जातील, आणि तो रिवाज मी बदलायला सांगणार नाही. स्टशचा आवाज चांगला आहे, पण त्याने वाचायचे नाही.

आणखी एक. माझा तपकिरी चौकड्यांचा शर्ट कपाटात आहे. स्टशने त्याचा मागचा तुकडा कापून, माझे नाव आणि १९९८ हे साल घालून, कोरीनच्या लाल तुकड्याशेजारी ठोकावा. जवळून चुकलेला नेम होता. समोर उभी होती ती.

कलम ७. कंपनीची सतरा उत्तरे एका बुटांच्या खोक्यात आहेत. ती ज्यांची त्यांना परत पाठवावीत. कंपनी पुढे विकली गेली असे ऐकतो. जो कोणी आता तिथे बसत असेल त्याला.

कलम ८. गॅरेजमध्ये कुलूपबंद कपाटात एक रायफल आहे. ती कोणत्याही कॅटलॉगमध्ये मिळणार नाही. निवृत्त झाल्यावर अकरा हिवाळे घालवून मी ती बनवली. बोल्ट डावीकडे आहे. रिकामी पुंगळी डावीकडे उडते, तोंडावरून जात नाही. वजन कमी आहे. तीन वेळा चूक झाली म्हणून तीन वेळा नव्याने केली. बापाने मुलीला द्यायला कायद्याची हरकत नाही, वकीलबाईंनी पाहिले आहे. ती कोरीनला.

ही मला १९८२ सालीच करता आली असती. हत्यारे होती, हात होते. कंपनी काढेल म्हणून मी थांबलो.

दस्ता चेरीच्या लाकडाचा आहे आणि दोन इंच जास्त लांब ठेवला आहे. माझ्याकडे जे माप आहे ते चौकटीवरचे, अकरा वर्षांच्या हाताचे. बावन्न वर्षांच्या कोरीनचा हात किती लांब आहे हे मला ठाऊक नाही. तिने स्वतः मापून कापावा. स्टशने फीत धरावी, करवत धरू नये. तिला शिकार करायची नसेल तर भिंतीवर लावावी, विकावी, नदीत टाकावी, माझी काही तक्रार नाही. फक्त विकताना कोणी विचारले की ही कोणासाठी बनवली होती, तर खरे सांगावे.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाई मार्गो टटल यांनी करावी. मला आणखी काही लिहायचे नाही. दमलो आहे.

वकीलबाई म्हणाल्या की सही बँकेतल्या सहीसारखी, उजव्या हाताची हवी. मी म्हणालो की उजव्या हाताने मी पुरेसे लिहिले. त्या म्हणाल्या, मग साक्षीदारांना तसे लिहावे लागेल. लिहू दे.

(सही)

स्थळ: गेल्टन, पॉटर काउंटी
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२३

आम्ही खाली सह्या करणारे साक्षीदार लिहून देतो की श्री. डीट्रिक यांनी वरील सही आमच्या दोघांच्या समक्ष, पूर्ण शुद्धीत, डाव्या हाताने केली. सहीला सहा मिनिटे लागली. त्यांनी आधी नुसते "बाबा" असे लिहिले होते. वकीलबाईंनी ते चालत नाही असे सांगितल्यावर त्यांनी त्याखाली पूर्ण नाव लिहिले. वरचा शब्द खोडायचा का, असे आम्ही विचारले. ते नको म्हणाले.

साक्षीदार १: व्हर्ना ओस्टरहाउट
साक्षीदार २: क्लेटन पिफर